झील

मागं झील नसंल तर गोंधळी निम्माच, हे मी आधीच सांगून टाकतो. म्होरचा गडी ओळ म्हनतो, त्येचा दम सरतो, आन तितनं मागच्यानं ओळीचं शेपूट उचलायचं. वर न्यायचं आन म्होरच्याचा दम भरस्तवर तसंच वर धरायचं. ह्येला आमी झील धरनं म्हनतो. आता ह्ये बेंगळुरात कुनाला सांगायचं? हितं मानसं कानात बोंडं घालून चालत्यात.

मी मल्लाप्पा. निपानीकडचा. जल्मानं गोंधळी, पोटासाठी इस्त्रीवाला. एचएसआर लेआउटात एका करंजाच्या झाडाखाली माजी गाडी हाय. कोळशाची इस्त्री म्हंजे हलकी चीज न्हवं. तेवीस वर्सं ती ढकलून माजा उजवा खांदा डाव्याच्या बोटभर खाली आलाय. गाडीच्या दांडीला तुनतुनं टांगलेलं आसतं. कोळसा पेटस्तवर वाजवायचं, मंग कापडं. लगीन, बारसं, घरभरनी, आपल्याकडच्या कुनाचा गोंधळ निघाला की गाडीवर ताडपत्री टाकायची आन जायचं.

बायकू विठाबाई, मी इठा म्हनतो. ती बेळ्ळंदूरला तळ्याकाठच्या उंच इमारतीत दोन घरचा सैपाक करती. सांजच्याला चपात्या झाल्या की तळ्याकडच्या खिडक्या लावून घ्यायच्या, मच्छर येत्यात म्हनून, ते बी तिच्याकडंच. लेक एकच, ती दिली हुक्केरीला.

बाईनं झील धरायची रीत आमच्यात न्हाई. माज्या मागं माजा भाऊ आसायचा. त्यो इचलकरंजीला मागावर गेला तो गेलाच. एका लग्नाच्या गोंधळाला मी एकटाच हुबा ऱ्हायलो. ओळीचं शेपूट सोडलं आन घामच फुटला, मागं कोन न्हाई! तर सैपाकघराच्या पडद्यामागनं आवाज आला. इठाचा. ती आत पुरन वाटू लागायला आलेली, हात कोपरापातूर भरलेलं. तितनंच तिनं शेपूट उचललं आन आसं वर नेलं की म्हातारी मानसं बी मान वळवून पडद्याकडं बगाय लागली. एक म्हातारा कुरकुरला, "बाईमानूस?" पन दुसऱ्या ओळीला त्यो बी गप झाला. तवापास्नं पडदा गेला. ती माज्या डाव्या खांद्यामागं हुबी ऱ्हायची. तुनतुनं मी तिच्या गळ्यावरच लावायचो. "आं कर," म्हनायचो, ती आं करायची, मी खुंटी पिळायचो. दुसरी पट्टी मला ठावंच न्हवती.

मंग तिच्या गळ्याला गाठ आली. गाठ काडली, जीव वाचला, त्यात समदं आलं. पन आवाज खाली बसला. तोंडानं बोलायची तवा समजायचं बी न्हाई, गायला गेली की समजायचं.

दोन वर्सांमागं होसकोट्याला प्रतापरावांच्या नव्या घराचा गोंधळ व्हता. प्रतापराव आमच्याच भागातलं, पत्र्याच्या शेडी हुब्या करत्यात, मोठं मानूस. मी ओळ सोडली, इठानं उचलली, आन वर नेता नेता आवाज मदीच फाटला. जुनं धोतर फाटतं तसा. म्होरं बसलेली पोरं खिदळली. प्रतापराव म्हनालं, "मल्लाप्पा, बाईला बसवा खाली. झील काय, मोबाईलवर लावू की!"

आन मी काय केलं? काय न्हाई केलं. खुंटी दोन सूर उतरवली आसती तर तिचा आवाज तितं आरामात बसला आसता. मला ठावं व्हतं. हात खुंटीजवळच व्हता. पन लोकान्ला उंच आवाज लागतो, गोंधळ पडला तर म्होरं कोन बोलिवनार, आसला भिकारडा इचार केला आन म्होरची ओळ एकट्यानं म्हटली. ती खाली बसली. कुनाच्या तरी परातीतलं तांदूळ निवडत बसली. त्या दिसापास्नं घरात गुनगुननं बी बंद. भाकरी थापताना न्हाई, न्हानीत न्हाई. मी चिडायचो, "आगं, तोंडात काय धरलंयस?" तर म्हनायची, "बोलतीया की."

बोलत व्हती. पन मला ठावं हाय, बोलनं निराळं.

तर आसा मी एकट्याचा गोंधळी झालो. एकट्याचं म्हननं, एकट्याचं वाजवनं. पन खोड जाती व्हय? ओळ सरली की मी थांबायचो. चार मात्रा तिची जागा सोडायचो आन मंगच म्होरं जायचो. त्या चार मात्रांत मला तिचा आवाज ऐकू यायचा, खरं सांगतो. कापडावर पानी शिपडून इस्त्री टेकली की फस्स हुतं न्हवं, त्यात बी यायचा. वाफ वर जायची आन तिच्यासंगं आवाज बी करंजाच्या पानांत जायचा. मी बगत ऱ्हायचो. आसं बगता बगता एका सायबाच्या शर्टाची कॉलर जाळली.

त्यो सायब म्हंजे तनय. पुन्याचं पोरगं, कंप्युटरात. मला वाटलं, आता आरडतंय. तर त्यो जळकी कॉलर सोडून दांडीवरच्या तुनतुन्याकडं बगत म्हनाला, "काका, हे वाजवता तुम्ही? सीरियसली? जरा ऐकवा ना!"

म्या ऐकिवलं. त्यो तिततंच खाली बसला, कापडाच्या गठुड्यावर. मंग त्येचा ब्यांड निघाला. त्यो गिटार वाजवतो आन गातो. रक्षिता म्हनून कन्नड पोरगी व्हायोलिन वाजवती. आन रोशन, त्यो हिंदी बोलनारा, लाकडाच्या खोक्यावर बसून खोकंच बडवतो आन रेकॉर्डिंगचं बी तोच बगतो. ऐतवारी त्येंच्या खोलीवर जायचं, चा प्यायचा, वाजवायचं. चांगली पोरं. माज्या थांबन्यावर तर त्येंचा लई जीव. "काका का पॉज" म्हनत्यात त्येला. तनय म्हनायचा, "त्या पॉजमध्ये काय मॅजिक आहे यार काका!"

मॅजिक! त्या जागंत माजी बायकू हुबी हाय, हे त्येला काय सांगायचं. म्या सांगितलं न्हाई.

मार्गशीर्षात रोशनचा निरोप आला, फोनवर, बोललेला. माजं हिंदी इस्त्रीपुरतं. डबल क्रीज नको, स्टार्च कमी, शामको ले जाव, एवढं. निरोप म्या तीनदा ऐकला.

"अंकल, सॅटरडे सुबह छह बजे। झील पे रेकॉर्डिंग करेंगे। झील के बिना इस गाने में मजा नहीं। बेळ्ळंदूर के गेट पे मिलो।"

माजं काळीजच लकाकलं. झील पायजे! झीलबिगर ह्या गान्यात मजा न्हाई! दोन वर्सं मी जे मनात घोकत व्हतो ते ह्या खोकं बडवनाऱ्या पोरानं वळखलं. गाडी तशीच टाकून मी घर गाठलं. इठा कामावरनं नुकतीच आलेली, पाय धूत व्हती.

"इठा, तुला बोलिवलंय."

"मला? कोन?"

"ब्यांडवाली पोरं. झील पायजे म्हनत्यात. रेकॉर्डिंग हाय."

ती माज्याकडं बगत ऱ्हायली. पायावरनं पानी ओघळत व्हतं. मी फोन म्होरं धरला, निरोप लावला. तिनं मान तिरपी करून ऐकला.

"पुन्ना लावा."

पुन्ना लावला. तिनं दुसरा पाय धुतला. मंग म्हनाली, "आन तुमास्नी काय वाटतं?"

"मला? मला काय इचारतीस? मला तर पायजेच की!"

"तसं नीट म्हना."

"इठा, तू झील धराय ये. माज्या मागं. मी बोलिवतोय."

तिनं पदरानं पाय पुसलं. येती म्हनाली न्हाई, न्हाई बी म्हनाली न्हाई. पन रातच्याला ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

शनवारला चार दीस व्हतं. ती रोज सकाळी मिरी घालून उनउन पानी प्यायची. आवाज काडून बगितला न्हाई, आन मला बी इचारायचा धीर झाला न्हाई. सुक्करवारी तिनं हिरवी इरकली साडी गाडीवर आनून टाकली आन म्हनाली, "हिच्या चुन्या काडा." तेवीस वर्सं जगाची कापडं केली, पन बायकूच्या साडीवर इस्त्री फिरवायची ती माजी पयलीच येळ. लाज वाटली मला. कोळसा झाडून, इस्त्री गालाजवळ नेऊन ऊब बगितली, वर मलमलीचा तुकडा घातला आन काठ असं बसवलं की बास. बाजूचा नारळवाला म्हनाला, "काय अण्णा, आक्काची लग्नाची साडी काय?" म्या म्हटलं, "तसंच समज."

शनवारी साडेपाचलाच आमी बेळ्ळंदूरच्या गेटावर हजर. आसं धुकं म्या बेंगळुरात बगितलं न्हवतं. समोरच्या मोठाल्या इमारती कमरंपातूर गायब, वरचं दिवं नुस्तं हवेत टांगलेलं. तळ्याचं पानी दिसत न्हवतं, नुस्तं हाय आसं कळत व्हतं. कुठंतरी पानकोंबडी बोलत व्हती. इठाच्या अंबाड्यात आबोली व्हती आन तिचा वास धुक्यात आमच्या आधी म्होरं चालला व्हता. मला वाटलं, आपन गावच्या वड्याकाठनं देवीला निघालोय, आन ही मदली समदी वर्सं कुनाची तरी दुसऱ्याची व्हती.

पोरं तळ्याच्या काठाला गवतावर चटई टाकून बसलेली. म्होरं चार माईक. माजा एक, बुटका, तुनतुन्यासाठी. रोशननं इठाकडं बगितलं, हसला, म्हनाला, "अरे, आंटी भी आई हैं, गुड, गुड! आंटी, उधर पत्थर पे बैठिए, आराम से देखिए।"

इठा धोंड्यावर जाऊन बसली. हात मांडीवर.

मी तनयला म्हटलं, "हिचा माईक कुठाय?"

"कोणाचा? काकूंचा?" त्यो गोंधळला.

"झील म्हनाला न्हवं तुमी! झील पायजे म्हनाला! ही झीलवाली."

तनयनं रोशनकडं बगितलं. रोशननं तळ्याकडं हात केला. तनय हळूच म्हनाला, "काका, झील म्हणजे... लेक."

"लेक? लेक दिली की हुक्केरीला! तिचं काय?"

"नाही नाही काका, लेक म्हणजे तलाव. तळं. हिंदीत तळ्याला झील म्हणतात. आज तळ्यावर रेकॉर्डिंग आहे, एवढंच म्हणत होता तो."

मी तळ्याकडं बगितलं. धुकंच धुकं. कानशिलं तापली. इतकी वर्सं हितं काडून मला यवढं साधं कळू नये? पन माजं जाऊ दे. मागं धोंड्यावर ती बसलेली, घडीची साडी नेसून, चार दीस मिरीचं पानी पिऊन. तिला आता काय सांगायचं? की बाई, तुला कुनी बोलिवलंच न्हाई? उठ, घरला जाऊ?

का परत गप बसायचं? गप बसायची मला सवय हायच.

"ही धरनार झील," म्या म्हटलं. "हिच्याबिगर मी वाजवत न्हाई."

तनयनं केसांतनं हात फिरवला. "काका, आठपर्यंतच परमिशन आहे, मग गार्ड उठवतो. पण... ओके. ट्राय करू. रोशन, एक माइक काकूंना दे."

रोशननं आपला माईक दिला, तोंड वाकडं न करता, हे बी सांगायला पायजे. इठा उठून माज्या डाव्या खांद्यामागं येऊन हुबी ऱ्हायली. रोशननं फोन धरला, त्यातला काटा बगून माजं तुनतुनं लावून घेतलं, त्येंच्या गिटारीच्या सुरावर, नेहमीसारखं उंच. मी ओळ म्हटली. शेपूट सोडलं. तिनं उचललं.

आन फाटला. तितंच, त्याच जागी.

कोन हसलं न्हाई. रोशन फोनमदी बगाय लागला. रक्षितानं गज खाली केला. होसकोट्यापेक्षा ही शांतता मला वाईट लागली. मागं इठाचा श्वास ऐकू येत व्हता, आखूड आखूड. मला ठावं व्हतं, आता ती धोंड्याकडं जाईल, आन एकदा बसली की हा जल्म काय उठायची न्हाई.

माजा हात खुंटीवर गेला. पिळली, उलटी. तार सैल झाली, घरंगळत खाली आली.

"अंकल, अंकल! ट्यूनिंग जा रही है!" रोशन म्हनाला.

"जाऊ दे," म्या म्हटलं. मागं न वळता म्हटलं, "इठा, आं कर."

मागं साडी सळसळली, धोंड्याकडं.

"इठा. आं कर. हितं माजं चुकलंय. होसकोट्याला बी माजंच चुकलं व्हतं. तवा ही खुंटी उतरवायची व्हती, म्या उतरवली न्हाई. आता तू सांगशील तितं लावतो. आं कर."

पोरं बगत व्हती. लाज बिज काय वाटली न्हाई मला. लई येळानं, आसं मला वाटलं, मागनं आवाज आला. "आं..." खाली, खरबरीत, ज्वारीच्या पिठासारखा. मी तार अजून खाली नेली. आजून जरा. मंग तार आन तिचा आवाज एकमेकाला लागलं. खांद्याला कळलं मला, कानाच्या आधी.

तनय म्हनाला, "काका, हा सूर तर आमच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. दोन्हीच्या मध्येच आहे कुठेतरी."

रक्षिता आपल्या खुंट्या पिळाय लागली व्हती. "सरी, स्वल्प थांबा," म्हनाली, अर्धं कानडी, अर्धं मराठी, "नावु येऊ." जरा थांबा, आमी येऊ खाली, असं. तिनं व्हायोलिन इठाच्या आवाजावर लावलं. तिचं बगून तनयनं गिटार उतरवली. धा मिंटं गेली त्यात. उजाडाय लागलं.

मंग मी ओळ म्हटली. शेपूट सोडलं, थांबलो. चार मात्रा.

इठानं उचललं. वर न्हाई नेलं, वर आता जायचं न्हवतंच. तिनं ते तसंच पान्यावर सोडल्यागत म्होरं नेलं, धुक्यात, आन तितं धरलं. धरलं म्हंजे काय धरलं! माजा दम भरला, तरी ती सोडंना. मी लबाडी केली, भरलेला दम तसाच ठेवला आन ऐकत ऱ्हायलो. दोन वर्सं सोडलेली जागा भरत व्हती. माज्या डोळ्यांतनं पानी यायला लागलं, हात तुनतुन्यात आडकलेलं, पुसायचं कसं? वाहू दिलं. फिराय आलेली दोन म्हातारी जोडपी थांबली. धुकं वर उचलत चाललं व्हतं आन पान्यात इमारतींचं दिवं दिसाय लागलं व्हतं, एक एक. मला तवा आसं वाटलं की मी इस्त्रीच्या गाडीपाशी हाय, वाफ वर चाललीय, आन ह्ये समदं मी नुस्तं बगतोय. पन खांद्यामागं तिचा गरम श्वास व्हता, म्हंजे खरंच व्हतं.

किती ओळी झाल्या ते काय मला सांगता यायचं न्हाई. शेवटच्या झीलला गार्डनं लांबनं शिट्टी मारली. रोशन म्हनतो, ती शिट्टी रेकॉर्डिंगात तशीच ठेवनार. कान धरून माज्याजवळ आला आन म्हनाला, "सॉरी अंकल, मुझे झील का मतलब ही नहीं पता था।"

परत येताना पोरांनी रिक्षा करून दिली. तुनतुनं इठाच्या मांडीवर. आबोलीची फुलं सुकून खाली सरकलेली. मोठ्या रस्त्यावर गाड्यांची ही दाटी, रिक्षा हुबीच. मला एक गोष्ट खात व्हती. तिला आज ना उद्या कळनारच, मंग आपल्याच तोंडानं सांगावं.

"इठा, एक सांगू? तुला कुनी बोलिवलं न्हवतं. झील म्हंजे हिंदीत तळं. मी येड्यानं..."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"झील म्हंजे तळं. सा वर्सं त्या घरात सैपाक करती मी. रोज सांजच्याला बाई आरडती, 'विठा, झील की तरफ की खिडकी बंद करो, मच्छर आते हैं.'" ती रिक्षाच्या भायेर बगत व्हती. "निरोप पयल्यांदा ऐकला तवाच कळलं."

 "मंग पुन्ना का लावाय लावलास?"

"तुमचं तोंड बगायला. लई दिसांनी असं तोंड झालं व्हतं तुमचं."

"आगं, मंग आलीस कशाला? बोलिवलं न्हवतं तर?"

"पोरांनी न्हवतं बोलिवलं," इठा म्हनाली. "तुमी बोलिवलं न्हवं?"

म्होरचा सिग्नल सुटला, रिक्षा हालली. माजा हात सवयीनं तुनतुन्याकडं गेला. उद्या रोशनच्या काट्याला परत लावाय लागंल, तार चडवून ठेवावी म्हटलं.

इठानं माज्या हातावर हलकीच चापट मारली. "खुंटीला हात लावू नगासा," म्हनाली. "हाय तितं ऱ्हाऊ दे."